बोनेर: पिवळ्या दगडांच्या काठाने आठ दिवस

बोनेर या कॅरिबियन बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने जाताना रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतात. प्रत्येकावर डाइव्हच्या, म्हणजे समुद्रात बुडी मारायच्या, जागेचं नाव. दगड दिसला की गाडी लावायची, पाठीवर हवेची टाकी चढवायची आणि सरळ पाण्यात उतरायचं. मी डाइव्हिंगला सुरुवात केली तारकर्लीला, आणि त्यानंतर जिथे गेले तिथे बोटीच्या वेळेनुसारच पाण्यात गेले. इथे घड्याळ आपलं. एका माशापाशी पाऊण तास थांबावंसं वाटलं तर थांबता येतं. मी लोकांना बोनेर सुचवते ते एवढ्यासाठीच.

बेट व्हेनेझुएलाच्या उत्तरेला आहे, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, चलन मात्र अमेरिकन डॉलर. आम्ही नवरा-बायको आम्स्टरडॅमहून गेलो, विमानाने साधारण दहा तास. भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाचं आधी बघावं. शेंगेन आणि कॅरिबियन व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलत कोणाला मिळते ते डच सरकारच्या संकेतस्थळावर वाचून मगच तिकीट काढा. बेटावर येण्याचा कर माणशी ७५ डॉलर आणि निसर्ग शुल्क ४० डॉलर, दोन्ही ऑनलाइन भरून पावती फोनमध्ये ठेवा. रक्कम बदलू शकते, जाण्याआधी एकदा तपासा.

निसर्ग शुल्क मला अजिबात जड वाटलं नाही. बेटाभोवतीचा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत १९७९ पासून संरक्षित आहे. नांगर टाकायला बंदी, हातमोजे घालायला बंदी. हातात मोजे असले की माणूस प्रवाळाला धरतोच, म्हणून. पहिली डाइव्ह ओळखीची असते. डाइव्ह सेंटरवाले नियम समजावतात आणि तुमचं तरंगणं नीट आहे ना ते पाहतात. ती उरकून टाकू नका, पाण्याखाली राहण्यासाठी अंगावर वजनं किती लागतात ते तिथेच पक्कं करा. २०२३ पासून इथल्या प्रवाळांना ऊती झडण्याचा रोग लागला आहे. मेंदूसारख्या वळ्यांच्या एका मोठ्या प्रवाळावर मी तो अगदी जवळून पाहिला. अर्धा भाग तपकिरी, जिवंत, आणि त्याला लागून पांढराफटक सांगाडा. पोटात कालवलं. सामान जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायला सांगतील, तिथे कंटाळा करू नका.

गाडी पिकअपच घ्या, टाक्या मागे उभ्या राहतात. डाइव्हला जाताना गाडीत काही म्हणजे काही ठेवायचं नाही. काचा खाली, दारांना कुलूप नाही, पाकीट-पासपोर्ट खोलीवर. चोर काच फोडतात म्हणून तिथले लोकच हा सल्ला देतात. किल्लीसाठी पाणी न शिरणारी डबी बरोबर असू द्या.

किनारा वाळूचा नाही, प्रवाळाच्या तुकड्यांचा आणि खडकाचा आहे. दक्षिणेला एका ठिकाणी मी घाई केली. कमरेएवढ्या पाण्यात फिन्स (पायातली पोहायची वल्ही) चढवत होते, लाट आली आणि गुडघा खडकावर घासला. पुढचे दोन दिवस खाऱ्या पाण्यात तो चुरचुरत राहिला. त्यानंतर नवऱ्याने नियमच केला: आधी दहा मिनिटं काठावर उभं राहून लाटा बघायच्या. जाड तळव्याचे बूट, बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, खांद्यावर हात, आणि छातीएवढं पाणी आल्यावरच फिन्स. उतरायला अवघड वाटलं तर गाडीत बसा आणि पुढच्या दगडाला जा.

सगळ्यात जास्त रमलो ते सॉल्ट पिअरला. दक्षिणेला मिठागरं आहेत, पाणी गुलाबी आणि पलीकडे मिठाचे पांढरे डोंगर. जहाजात मीठ भरायच्या धक्क्याखाली डाइव्ह करायची. लोखंडी खांबांवर नारिंगी, जांभळे, पिवळे स्पंज इतके दाट चढलेत की लोखंड दिसत नाही. खांबांच्या मधून तिरपं ऊन येतं आणि त्यात पिवळ्या माशांचा थवा जागच्या जागी डोलत असतो. आम्ही तीनदा गेलो. जहाज लागलेलं असेल तर उतरता येत नाही, म्हणून सकाळी डाइव्ह सेंटरला विचारून निघा.

हिल्मा हूकर हे ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज. अंमली पदार्थांच्या प्रकरणात पकडलं गेलं आणि १९८४ मध्ये बुडालं. ते ३० मीटर खोलीवर वाळूत उजव्या कुशीवर पडलं आहे. डाइव्हिंगचा प्रगत कोर्स झाला नसेल तर वरूनच पाहा, आत तर शिरूच नका. उत्तरेला 'थाउजंड स्टेप्स' नावाची जागा आहे. पायऱ्या सत्तरच्या आसपास, पण टाकी घेऊन चढताना नावाचा अर्थ कळतो. त्यापुढे रस्ता एकेरी आहे, परत रिंकोन गावावरून यावं लागतं. तिथे कॉर्नमीलची फुंची आणि बकरीचं कालवण खा. शाकाहाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी. आम्ही थालीपिठाची भाजणी नेली होती, दोन डाइव्हनंतरच्या भुकेला तिच्यासारखं दुसरं काही नाही. नळाचं पाणी समुद्राचंच, खारेपणा काढलेलं, ते पिता येतं.

विमानाच्या आधीचे २४ तास डाइव्ह नाही. तो दिवस गोतो तळ्यावरच्या रोहित पक्ष्यांना द्या. शिवडीला दिसतात त्यांच्याहून हे कितीतरी गडद, जवळजवळ केशरी. आणि मिठागरांच्या काठावरच्या गुलामांच्या झोपड्या बघा. १८५० मध्ये बांधलेल्या, दगडी, दार इतकं बुटकं की रांगत आत जावं लागतं. मीठ काढणारे लोक यात झोपत आणि आठवड्याच्या शेवटी रिंकोनला घरच्यांकडे चालत जात, सात तास. १८६३ मध्ये गुलामगिरी संपली. मी एका झोपडीत पाच मिनिटं बसले. बाहेर वारा होता, आत उकडत होतं.

एक गोष्ट मात्र तारखा ठरवतानाच बघावी लागते. पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, सूर्य मावळून पाऊण-एक तास झाला आणि चंद्र अजून उगवला नाही, अशा काळोखात ऑस्ट्रॅकॉड नावाचे तिळाएवढे जीव चमकतात. नर मादीला बोलावण्यासाठी निळ्या प्रकाशाचे थेंब सोडत वर जातो. आम्ही सहा-सात मीटरवर गुडघे दुमडून तरंगत राहिलो, दिवे विझवले. आधी काहीच नाही. मग एक निळा ठिपका, त्याच्यावर दुसरा, तिसरा, आणि बघता बघता चहूबाजूंनी अशा माळा लटकल्या. नवऱ्याने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली. दहा-पंधरा मिनिटांत सगळं विझलं.

संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघणाऱ्यांना हे गणित लगेच कळेल. वद्य द्वितीया ते पंचमी तुमच्या आठवड्यात येतील असं बघा, आणि त्याच किनाऱ्यावर आदल्या दिवशी उजेडात एक डाइव्ह करून ठेवा, म्हणजे अंधारात बाहेर पडायची वाट ओळखीची असते.