उसाच्या सरीत सापडलेला शंख

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि विभागाच्या संग्रहालयाची कपाटे माझ्याकडे आहेत. आसपासच्या गावांतून लोक सापाची कात, पक्ष्यांची अंडी, अनोळखी किडे घेऊन येत असतात. जानेवारी 2022 मधील एका सोमवारी करवीर तालुक्यातील नदीकाठच्या गावातून एक शेतकरी टॉवेलात गुंडाळलेली वस्तू घेऊन आले. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा होता.

"सर, सुरू लागणीच्या सऱ्या सोडताना हे वर आलं. वीतभर खाली असंल. हितं पूर्वी समुद्र हुता काय?"

टॉवेल उलगडताच मुलाने ती वस्तू उचलली आणि शंखासारखी फुंकण्यासाठी निमुळते टोक ओठांना लावले. मी जवळजवळ ओरडतच ती त्याच्या हातून घेतली. आत जिवंत काही नव्हते, त्यामुळे धोकाही नव्हता. पण हा शंख कोणाचा आहे हे मी पहिल्याच दृष्टिक्षेपात ओळखले होते, आणि हा प्राणी जिवंत असताना त्याच निमुळत्या टोकाकडून विषारी दात सोडतो हे ठाऊक असलेल्या माणसाचा हात आपोआप पुढे होतो.

तो कोनस टेक्स्टाइल या विषारी सागरी गोगलगायीचा शंख होता. लिनिअसने 1758 मध्ये या जातीला हे नाव दिले. टेक्स्टाइल म्हणजे विणलेले. पट्टीवर लांबी 83 मिलिमीटर भरली. कवच फुगीर, खांदा गोलसर आणि त्यावर गाठी नाहीत, वरची मळसूत्री शिखा टोकदार. पिवळसर तपकिरी पट्ट्यांवर गडद तपकिरी नागमोडी उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये एकावर एक रचलेले पांढरे त्रिकोण, जणू तंबूंच्या रांगा. चहा घेऊन आलेल्या आमच्या विभागातील मावशी वाकून पाहून म्हणाल्या, "खणाचं कापडच की हे." यापेक्षा नेमके वर्णन मला आजवर सुचलेले नाही. गंमत अशी की समुद्रात ही नक्षी इतकी उठून दिसत नाही. जिवंत गोगलगायीच्या कवचावर तपकिरी पातळ आवरण असते आणि नक्षी त्याखाली अंधूक राहते. कवच वाढत जाते तशी प्रावाराची, म्हणजे कवच घडवणाऱ्या मऊ त्वचेच्या पटाची, कडा ओळीमागून ओळ रंग घालत जाते; तो रंग पाहण्यासाठी कोणी आहे की नाही, याच्याशी त्या कडेचा काही संबंध नसतो.

आता समुद्राचा प्रश्न. खरे सांगायचे तर माझ्या मनात सर्वांत आधी ब्रह्मपुरी आली. पंचगंगेकाठच्या त्या टेकाडावर सातवाहन काळातील वस्तूंबरोबर समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती मिळाली होती आणि ती आजही टाउन हॉल संग्रहालयात पाहता येते. त्या मूर्तीसारखाच रोमन व्यापाराच्या वाटेने एखादा शंखही इथवर आला असेल, ही कल्पना इतकी मोहक होती की मी काही मिनिटे तिच्यातच रमलो, आणि त्या गृहस्थांना "फार जुना असू शकेल" असे बोलूनही गेलो. ते वाक्य मी घाईने उच्चारले याचे मला अजूनही वाईट वाटते, कारण त्यांचा चेहरा लगेच उजळला होता.

समुद्राची शक्यता मात्र तेव्हाच खोडून काढता येत होती. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसले आहे. हा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा; तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर कोनस वंशाचे सर्वांत जुने जीवाश्म त्यानंतरचे, सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे या वंशाचा पहिला प्राणी जन्मला तेव्हा इथे आधीच जमीन होती.

मग शंख आला कुठून? उत्तर मिळाले ते कवच धुताना. एनॅमलच्या थाळीत पाणी घालून मी ते हळूहळू हलवले, तेव्हा आधी काळी माती सुटली आणि नंतर, आतल्या वळणातून, चिमूटभर पांढरट वाळू बाहेर आली. पंचगंगेची वाळू काळसर, पाषाणाची असते. ही तशी नव्हती. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच ती फसफसली. आपल्याकडच्या मातीतील चुनखडीही अशीच फसफसते, म्हणून एवढ्यावर थांबणे बरोबर नव्हते. उरलेली वाळू सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, तर त्यात झिजलेल्या प्रवाळाचे तुकडे, सागरी साळूच्या काट्यांचे बारीक तुकडे आणि फोरॅमिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे दिसली. मी मुलाला स्टुलावर उभे करून ती दाखवली. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला आणि "ह्यात बी बारके शंख हैत," एवढेच म्हणाला.

ही जाती तांबड्या समुद्रापासून पॉलिनेशियापर्यंत, प्रामुख्याने प्रवाळांच्या उथळ परिसरात राहते. दिवसा ती प्रवाळाखाली किंवा वाळूत दडते आणि रात्री दुसऱ्या गोगलगायींची शिकार करते. सोंडेच्या टोकाशी आलेला पोकळ, काटेरी दात भक्ष्यात भाल्यासारखा रुततो आणि त्यातून विष आत जाते. भारतात ती लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात आढळते. कवचाच्या ओठाची कड शाबूत होती, किड्यांनी पोखरल्याची भोके नव्हती आणि रंग ताजे होते. फक्त मातीला टेकलेली एक बाजू खडूसारखी पांढुरकी झाली होती. किनाऱ्यावर घासत पडलेले हे कवच नव्हते आणि दोन हजार वर्षे मातीत राहिलेले तर नव्हतेच.

मी विचारले, "त्या शेतात बाहेरची माती कधी टाकली होती का?"

ते थोडे थांबले. 2019 च्या महापुरात त्यांचे जुने मातीचे घर पडले होते आणि भिंतींची पांढरी माती, गावोगावच्या रीतीप्रमाणे, त्यांनी शेतात विस्कटली होती. त्यांनी तिथूनच आईला फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"दिवळीतला व्हय रं? माझ्या सासूनं रामेश्वरासनं आणल्याला. मी लगीन होऊन आले तवा दिवळीतच हुता. पुरात गेला म्हनून मी नाद सोडला हुता."

नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मी त्या गृहस्थांची माझ्या घाईच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या सर. आईला मिळालं न्हवं." शंख आमच्या कपाटात ठेवावा असे मला मनापासून वाटत होते, कारण तिथल्या कोनसच्या दोन्ही नमुन्यांवर नुसती नावे आहेत, ते कुठे मिळाले याची नोंदच नाही. पण तो मी मागितला नाही. छायाचित्रे घेतली, मापे लिहून ठेवली आणि वाळूची कुपी मात्र त्यांच्या परवानगीने ठेवून घेतली. तिच्या चिठ्ठीवर लिहिले आहे: 'कोनस टेक्स्टाइलच्या आतील प्रवाळी वाळू. मूळ स्थान अनिश्चित. रामेश्वर यात्रेतून आणलेला शंख. करवीर तालुक्यातील उसाच्या शेतात सापडला, जानेवारी 2022.'

जाताना मुलाने शंख स्वतःच्या हातात धरला होता, टोक खाली आणि आपल्यापासून लांब, मी दाखवले होते तसा.