आमची वाटचाल : पचमढीचा एक दिवस

आमची गाडी पहाटे चारला नागपूरच्या व्हरायटी चौकातून सुटते. पहिल्यांदा येणाऱ्यांना ही वेळ जड जाते. पण मध्य प्रदेशातलं पचमढी नागपूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर आहे आणि सूर्य मावळताना तिथल्या धूपगडाच्या शिखरावर उभं राहायचं, तर यापेक्षा उशिरा निघून भागत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवायची. ह्यांची सतरा सीटांची ट्रॅव्हलर लग्नसराईत आणि यात्रेच्या दिवसांत भाड्याने जायची. आमच्याकडची जुनी माणसं पचमढीला 'मोठा महादेव' म्हणतात. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढतात, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला जातात. अशाच एका फेरीला सासूबाईंना सोबत म्हणून मी गेले. जटाशंकरच्या गुहेच्या पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंच्या कड्यांवर हात टेकला आणि बोटांना वाळू लागली. वर्षानुवर्षं फळ्यावर 'गोंडवन खडक', म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी नद्यांच्या वाळूचा झालेला दगड, असं लिहीत आले होते. त्याला हात त्या दिवशी लागला. परतताना छिंदवाड्यापर्यंत ह्यांच्याशी मी तेवढंच बोलत होते.

नऊ वर्षांपूर्वी स्वतःची सहल सुरू केली ती इतरांसारखीच: एका दिवसात सात पॉइंट. दुसऱ्याच महिन्यात फटका बसला. प्रत्येक ठिकाणी दहा-दहा मिनिटं जास्त गेली आणि आम्ही जिप्सी घेऊन पोचेपर्यंत धूपगडाचा प्रवेश बंद झाला होता. आपली गाडी वर नेता येत नाही, जंगलखात्याच्या परवान्याची जिप्सीच लागते. गाडीत एक आजोबा होते. तरुणपणी पाहिलेला सूर्यास्त नातवाला दाखवायला ते आले होते. ते रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. सगळ्यांचे धूपगडाचे पैसे परत केले आणि त्या आठवड्यातच पॉइंटांची यादी कापली. हंडी खोहची दरी, प्रियदर्शिनी पॉइंट, जटाशंकर आणि शेवटी धूपगड. बस. 'बाकीचे सात दाखवतात, तुम्ही चारच कसे?' असं विचारून काही जण दुसरीकडे गेले, अजूनही जातात. तरी पाचवं ठिकाण आम्ही घेतलं नाही.

वेळ मिळाला की दगड बोलायला लागतो. हंडी खोहच्या काठावर आमचे तिथलेच गाइड दादा आधी सगळ्यांना आवाज बारीक करायला लावतात, कारण कड्यावर आग्या मोहोळं असतात. मग मी नागपूरपासून सुरुवात करते. सीताबर्डीच्या किल्ल्याची टेकडी काळ्या बेसॉल्टची, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. हा समोरचा वालुकाश्म वीस कोटी वर्षांहून जुना. नद्यांनी वाळू आणि गोटे वाहून आणले, थरावर थर चढले, दबून दगड झाला. नंतर पाण्याने भेगा रुंदावल्या, खोल दऱ्या कोरल्या. थरात अडकलेली पांढरी गारगोटी मी बोटाने दाखवते. लहान मुलं ती मोजत बसतात. उचलून मात्र काही न्यायचं नाही, हा नियम गाडीतच सांगितलेला असतो.

प्रियदर्शिनीवरून चौरागड दिसतो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश कॅप्टन जेम्स फोरसाइथ इथे आला, म्हणून या जागेला आधी त्याचंच नाव होतं. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना साहेब लोक उन्हाळ्यात कारभार घेऊन पचमढीला यायचे. नागपूरकरांचं या डोंगराशी नातं यात्रेइतकंच त्या फायलींचंही आहे. आणि हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी नागपूर भागातले खडक आणि जीवाश्म अभ्यासले, हे सांगितलं की त्या कॉलेजात शिकलेले लोक चमकून बघतात.

धूपगड 1,350 मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. तिथे मी काहीच बोलत नाही. डोंगरांच्या रांगा एकामागे एक निळ्या होत जातात. वारा इतका गार असतो की मे महिन्यातही शाल अंगावर घ्यावी लागते. परतायला रात्रीचा एक वाजतो.

खर्चाचं गणित अवघड आहे. डिझेल वाढलं, जिप्सीचं भाडं वाढलं, कोरोनाच्या काळात गाडी अंगणात उभी राहिली आणि हप्ते माझ्या शिकवण्यांवर फेडले. तर्री-पोह्यांचे डबे अजून मीच करते. त्यामुळे नाश्त्याचा खर्च आवाक्यात राहतो आणि छिंदवाड्याला थांबल्यावर गरम तर्री वाढता येते. दुसरी गाडी घ्या असं पुष्कळ जण सुचवतात. दोन गाड्या झाल्या तर एकीत मी नसणार, म्हणून घेतलेली नाही.

मागच्या हिवाळ्यात नागपूरजवळच्या कामठीच्या एक काकू आल्या होत्या. जटाशंकरला भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बाई, हा तर आमच्या कामठीच्याच गोट्यासारखा दिसून राह्यला!" मी म्हटलं, बरोबर ओळखलंत, कामठीचा वालुकाश्मही याच गोंडवन घराण्यातला. चार दिवसांनी त्यांनी फोटो पाठवला: घरामागची जुनी विहीर, काठाचा पिवळट दगड, आणि त्यातल्या गारगोटीवर टेकवलेला त्यांचा अंगठा.