टरफलांचा चुना आणि बायोडिझेल: पृष्ठभागाचा गुंता सुटू लागला

मागील नोंदीत उत्तम उतरलेला अंड्याच्या टरफलांचा उत्प्रेरक (टरफले भाजून केलेला चुना, ज्याच्या मदतीने तेल आणि मिथेनॉलपासून बायोडिझेल बनते) पावसाळाभर बरणीत राहिल्यावर जवळजवळ निकामी झाला होता. त्याचे कारण अखेर हाती लागले आहे. तेल तेच, तेलाच्या एका रेणूस मिथेनॉलचे 12 रेणू हे प्रमाणही तेच, तापमान 60 अंश सेल्सिअस, तरीही 27/3 चाचणीत (27 मिली मिथेनॉलमध्ये 3 मिली बायोडिझेल हलवून पाहण्याच्या) नळीच्या तळाशी न बदललेल्या तेलाचा पिवळा थर साचत होता.

फिनॉल्फ्थॅलिनने (अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाने) काहीच उलगडा होईना, कारण पाणी शोषून विरलेला चुनाही (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) त्याला गडद गुलाबी करतो. मार्ग दाखवला तो वजनकाट्याने. 10 ग्रॅम भुकटी 550 अंशांवर 0.9 ग्रॅमने घटली, ते हायड्रॉक्साइडमधून गेलेले पाणी. पुढे 900 अंशांपर्यंत आणखी 0.3 ग्रॅम घट झाली, तो कार्बोनेटमधून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे कार्बोनेट जेमतेम 7 टक्के! आकडा किरकोळ वाटतो, परंतु चुन्याचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट करणाऱ्या हवेची गाठ प्रथम कणांच्या बाह्य पृष्ठाशी आणि रंध्रांच्या भिंतींशी पडते, आणि मिथेनॉलचा प्रोटॉन ओढून घेणारे ऑक्साइडचे आयनही नेमके तिथेच असतात. त्यामुळे गाभ्यात कळीचा चुना (न विरलेला कॅल्शियम ऑक्साइड) शाबूत असूनही अभिक्रियेच्या वाट्याला तो येतच नाही.

900 अंशांवर पुन्हा भाजलेल्या नमुन्याने तळाचा थर बराच कमी केला, याचा मला मनापासून आनंद झाला. भट्टी मात्र विजेचीच हवी, कारण गॅसच्या भट्टीत ज्वलनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पुन्हा चुन्यावरच बसतो.

एका पुरवठादाराच्या महागड्या चुन्याच्या पत्रकात केवळ एकूण पृष्ठफळ दिले होते, रंध्रांच्या आकाराचा उल्लेखही नव्हता. असा माल मी घेणार नाही: 2 नॅनोमीटरहून अरुंद रंध्रांमुळे पृष्ठफळाचा आकडा फुगतो, पण ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे तेलाच्या, अवजड रेणूला त्यांत सहजी शिरता येत नाही. आपल्याला 2 ते 50 नॅनोमीटरची मध्यरंध्रे हवीत.

पुढील घाणा याच भाजलेल्या चुन्यावर घेण्याचा बेत होता, परंतु हे लिहिताना तो बदलला. दीर्घकाळ 900 अंशांवर राहिलेले कण एकमेकांना चिकटून रंध्रे बुजतात. म्हणून हा चुना आधी उकळत्या पाण्यात विरवून 600 अंशांवर कोरडा करीन, जेणेकरून बाहेर पडणारे पाणी नवी रंध्रे मोकळी करील. भट्टीतून निघालेली भुकटी घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात थंड करून थेट मिथेनॉलमध्ये जाईल, बरणीत नाही. नुसता भाजलेला आणि विरवून कोरडा केलेला, अशा दोन्ही नमुन्यांची 27/3 चाचणी एकाच तेलावर शेजारीशेजारी घेईन.