आंबोलीचे पतंग मोजून झाले म्हणे

जुलैच्या शेवटी, त्यातून वीकेंडला आंबोलीला जायचं म्हणजे डोकं शाबूत असलेल्या माणसाने करू नये असं काम. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, भिजलेली कणसं आणि कुणाच्या तरी गाडीतून धडाम धडाम वाजणारी गाणी. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही, चिडचिड होते. आम्ही आलो होतो पतंगांसाठी, म्हणजे रात्री उडणाऱ्या पाखरांसाठी. 2012 पासून याच आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो, तेवढंच निमित्त.

जंगलात रात्री परवानगीशिवाय शिरता येत नाही, म्हणून होमस्टेच्या अंगणातच पांढरी चादर ताणली, वर ताडपत्री, समोर मर्क्युरीचा दिवा. पाऊस बारीक, धुकं दाट, वारा नाही आणि अमावस्या जवळ, याहून चांगली रात्र मिळत नाही. तासाभरात चादर दिसेनाशी झाली. मध्येच हाताच्या पंजापेक्षा मोठा अ‍ॅटलास मॉथ येऊन बसला आणि सगळे मोबाईल त्याच्याकडे वळले. बिचाऱ्याला चालतं तोंडच नसतं, सुरवंट असताना खाल्लं त्यावरच उरलेलं थोडं आयुष्य काढायचं. आणि त्याच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढे कितीतरी बसलेले, त्यांच्याकडे कुणी बघेना.

पहाटे चहा पिताना आमच्यातला एकजण वही मिटून म्हणाला, ‘चला, आंबोली झाली!’ मला हे असलं बोलणं सहन होत नाही. झाली म्हणजे काय? त्याच वहीत निम्म्याच्या आसपास जाती एकेकदाच दिसलेल्या. यादी किती लांब झाली यावरून काही कळत नाही, एकेकदा दिसलेले किती आहेत ते बघायचं. अ‍ॅन चाओ नावाच्या तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी 1984 मध्ये यावर सोपी युक्ती काढली. एकदाच दिसलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग करा आणि दोनदा दिसलेल्यांच्या दुपटीने भागा. समजा 120 जाती मिळाल्या, त्यात 60 एकदाच आणि 20 दोनदा, तर 3600 भागिले 40, म्हणजे अजून निदान 90 जाती तुम्हाला दिसलेल्याच नाहीत. आणि हा कमीत कमी आकडा बरं का, खरा याहून मोठा असू शकतो.

भारतात फुलपाखरं 1,300 च्या वर आणि पतंग 10,000 च्या वर, तरी आपल्याकडे राज्य फुलपाखरू ठरतं (2015, ब्लू मॉरमॉन) आणि पतंगांना विचारतो कोण. हॅम्पसन या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाचे पतंगांवरचे चार जाडजूड खंड 1892 ते 1896 मधले, आणि अजूनही बरेच जण ओळखीसाठी तिकडेच जातात. शिवाय नुसत्या फोटोवरून बऱ्याच जाती सांगताच येत नाहीत, पोटाचा शेवटचा भाग उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. दिवसा उडणारे पतंग आहेत, ते दिव्याला कशाला येतील? आणि चादर लागते कुठे, तर जिथे वीज, रस्ता आणि जेवायला वडे-सागोती आहे तिथे. म्हणजे यादी जंगलाची की होमस्टेंची?

हा वाद चालू असताना होमस्टेच्या काकू भांडी घेऊन आल्या. ‘मोजून झाले काय रे सगळे?’

हा म्हणाला, ‘हो, झाले.’

‘माझ्या परड्यात खंय बघितलास? गोठ्यातल्या बल्बार वेगळेच येतत.’

गेलो. साधा पिवळा बल्ब, शेणाचा वास, म्हशीची आमच्यावर नाराजी, आणि भिंतीवर वहीत नसलेले दोन. मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण आनंदाने बोललो.

परतताना यादीला नाव काय द्यायचं यावरून पुन्हा भांडण. त्याला हवं होतं ‘आंबोलीचे पतंग’. माझं म्हणणं, ‘आंबोलीतल्या एका अंगणात जुलैमध्ये मर्क्युरीच्या दिव्याला आलेले आणि आम्हाला ओळखता आलेले मोठे पतंग, शिवाय गोठ्यातले दोन’. तो म्हणतो एवढं नाव फाईलला मावत नाही. मी म्हटलं मग फाईल बदल.