पाठीचा नको, तोंडाचा काढा

गुरुवार, सकाळचे सव्वाआठ. कोपरी, ठाणे पूर्व.

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. बॅग उघडली तर लेन्सच्या कापडात, बॅटऱ्यांच्या खणात, अगदी मेमरी कार्डांच्या डबीतही कांद्याची सालं. आई म्हणाली, "भज्यांपुरते चार कांदे तरी आणायचेस." बरोबरच आहे तिचं. गेले चार महिने आठवड्यातून एक रात्र मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाड्यांचे, म्हणजे गोण्या वाहणाऱ्या कामगारांचे, फोटो काढत घालवते आणि कांदे मात्र आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याकडून घेते.

आधी काल दुपारचं लिहून टाकते, नाहीतर ते डोक्यात फिरत राहील. एका कंपनीच्या वार्षिक अहवालासाठी नोव्हेंबरात तीन दिवस फोटो काढले होते. बिल तेव्हाच पाठवलं. आता फेब्रुवारी संपत आला. अकाउंट्समधली मुलगी गोड आवाजात म्हणते, "मॅम, पेमेंट प्रोसेसमध्ये आहे." तिच्यावर चिडून उपयोग नाही, तिच्या हातात काही नसतं. पण गंमत बघा, बिलावरचा दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, त्यांनी केव्हाच कापून भरलाय. माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या उताऱ्यात, दिसतो. म्हणजे सरकारला माझे पैसे पोचले, मलाच नाहीत. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे आणि २००६ च्या कायद्यानुसार छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हेही मला पाठ आहे. पण कायदा दाखवला की पैसे कदाचित मिळतील, पुढचं काम नक्की मिळणार नाही. म्हणून मीही गोड आवाजात "ओके, थँक यू" म्हणते.

फ्लेमिंगोंचे पैसे मात्र वेळेवर येतात. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेल्यापासून कॅलेंडरवाले, बिल्डर, सगळ्यांना गुलाबी पक्षी हवे असतात. माझं निम्मं भाडं ते पक्षी भरतात. त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तर काल रात्री ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची उशिराची गाडी पकडून तुर्भ्याला उतरले. सोबत एक गुंडाळी होती, बारा बाय अठराची प्रिंट. माथाड्यांच्या टोळीतल्या सगळ्यात जुन्या मामांना दिवाळीपासून कबूल केलेली. मामा पाटण तालुक्यातले. तिशी उलटायच्या आत मुंबईला आले, तेव्हापासून पाठीवर गोणी. मार्केट मशीद बंदराहून इकडे आलं १९८१ मध्ये. मामा त्यानंतरचे, पण जुन्या मार्केटच्या गोष्टी स्वतः बघितल्यासारख्या सांगतात. दर वेळी भेटले की विचारायचे, "म्याडम, माझा फोटू?" आणि मी म्हणायचे, "एडिट चालू आहे मामा." मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "म्हंजी काय चालू हाय?" मला सांगता येईना. म्हणून मंगळवारी उठून गोखले रोडच्या मागच्या लॅबमध्ये गेले आणि प्रिंट काढूनच आणली.

ही प्रिंट माझी लाडकी. या सगळ्या चार महिन्यांत एकच फ्रेम अशी की जी बघून मला वाटलं, हां, जमलं. ट्रकच्या फळीवरून उतरणारी पाठ, त्यावर गोणी, डोक्यावरून घेतलेलं बारदान, मागे उडणारी सालं. चेहरा नाही. चेहरा नाही म्हणूनच ती चांगली आहे असं माझं ठाम मत होतं.

मार्केटमधले दिवे हा वेगळाच त्रास आहे. आता सगळीकडे एलईडी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्तातला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर जरा वेगात ठेवलं, आवाज नको म्हणून सायलेंट मोड लावला, की फोटोवर आडवे पट्टे. पहिल्या दोन रात्रींचे माझे सगळे फोटो असे पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीसारखे आलेत. मग शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवून अडकून राहायचं. त्या वेगाला पळणारा माणूस हलतो. म्हणून माणूस क्षणभर कुठे थांबतो ते शोधायचं. फळीवरून उतरताना शेवटच्या पावलाला, जमिनीचा अंदाज घेताना, प्रत्येक माथाडी अर्धा क्षण थांबतो. ती फ्रेम मी तिथे उभी राहून तीन रात्री शिकलेय. हे कुणाला सांगितलं की लोक विचारतात, कॅमेरा कुठला?

सुरुवातीला तिथे कुणालाच मी नको होते. व्यापाऱ्यांना वाटायचं, गोण्यांची वजनं दाखवायला आलीय. ५० किलोच्या वर गोणी उचलणार नाही यावरून या मार्केटमध्ये काम बंद झालेलं आहे, तेव्हा गोणीचा फोटो म्हणजे पुरावा. माथाड्यांना वाटायचं, व्यापाऱ्यांनी आणलीय. तिसऱ्या आठवड्यात मुकादमाने चहा पुढे केला आणि सुटले.

तर प्रिंट. दोनच्या सुमाराला एक ट्रक खाली झाला, मंडळी बसली, मी गुंडाळी उलगडली. मामांनी हात पुसले, दिव्याखाली धरली. बराच वेळ बघितली.

"ह्यो कोण?"

"तुम्हीच की मामा."

"कशावरनं?"

मी गप्प. बाकीचे जमले. एकजण म्हणाला, ही मामांची पाठ नव्हेच, मामा बारदान डाव्या बाजूला दुमडतात. दुसरा म्हणाला, पोटरी बघा, ही माझी पोटरी. तिसऱ्याने ट्रकचा नंबर वाचायचा प्रयत्न केला, म्हणजे त्या रात्री कुठली टोळी होती ते कळेल. दहा मिनिटं पंचायत. मूळ फाइलवर तारीख आहे, पण त्या रात्री फळीवर चौघेजण आळीपाळीने होते आणि मी चौघांचेही फोटो काढलेत. खरं सांगते, मलाही खात्री नाही. इतके दिवस ज्या फोटोकडे बघून खूश होते, तो कुणाचा आहे हे मला माहीत नाही.

मामा शेवटी म्हणाले, "फोटू झ्याक हाय. पर पाठीचा नको, तोंडाचा काढा. गावाकडं भिंतीला लावायचाय. पाठ बघून नातवंडं काय म्हनतील, आजा रुसलाय म्हनतील."

सगळे हसले. मीही हसले, पण कानशिलं गरम झाली होती.

मग मामा नळावर गेले. तोंड धुतलं. खुंटीवरचा स्वच्छ शर्ट घातला, वरचं बटणही लावलं. मुकादमाकडून फणी घेतली. गाळ्याच्या बंद शटरसमोर उभे राहिले, पाय जुळवून, हात सरळ खाली. शाळेत राष्ट्रगीताला उभे राहतात तसे. मी म्हटलं, जरा सैल उभे राहा. ते आणखी ताठ झाले. म्हटलं, हसा. म्हणाले, "हसल्यावर दात पडल्यालं दिसतंय." मग मी सूचना द्यायचं थांबवलं. सात फ्रेम काढल्या. माझ्या धंद्यात अशा फोटोला नाकं मुरडतात. पासपोर्टवाला फोटो म्हणतात. मीही म्हणत आलेय.

वळून बघते तर नळावर रांग. एकाच फणीने सगळ्यांचे केस. शर्ट दोनच होते. ते ह्याच्या अंगावरून त्याच्या अंगावर. निळा शर्ट चौघांच्या फोटोंत आहे. एकाला तो खांद्यात आवळत होता, त्याने मागून बटण लावल्यासारखं धरून ठेवायला दुसऱ्याला उभं केलं. धरणाऱ्याची बोटं कडेला आली आहेत, ती मी कापणार नाहीये. मध्येच ट्रक आला. मंडळी शर्ट काढून गेली, खाली करून आली, परत तोंडं धुतली. पाचपर्यंत नऊ जणांचे झाले. कामाचा म्हणावा असा एकही फोटो काल रात्री निघाला नाही.

चहा मामांनी पाजला, पैसे देऊ दिले नाहीत. गाडीत बसल्यावर मला त्याचं हसू आलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ मी एकदा चांगलंच पोळून शिकलेय. एका ठिकाणी पैसे घेऊन काढलेला माझा फोटो वर्षभराने मोठ्या फ्लेक्सवर दिसला. भांडायला गेले तर कळलं, मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतला आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक तो काढून घेणारा. माझ्याकडे करारच नव्हता. आता मामांनी सांगितलं तसा फोटो काढला आणि मोबदल्यात कटिंग प्यायले. करार आमच्यातही नाही. तर मालक मामा.

पाठीची प्रिंट मामांनी नेली नाही. मुकादमाने गाळ्यात कॅलेंडरशेजारी चिकटवली, "ज्याची पाठ त्यानं न्यावा" म्हणाला. मी निघेपर्यंत तिथे दोघांचा वाद चालूच होता.

परतीच्या गाडीत टोळीतले तिघे होते. बसल्या बसल्या झोपले आणि कोपरखैरणे आल्यावर बरोब्बर उठले. माथाड्यांना हे कसं जमतं कळत नाही, मी दोनदा ठाण्याला डब्यात झोपून राहिलेय.

लॅब दहाला उघडते. सहा बाय आठ, नऊ फोटो. मॅट नको, चकचकीत पाहिजे असं मंडळींनी बजावून सांगितलंय. मामांच्या दोन प्रती, एक पाटणला आणि एक कोपरखैरण्याच्या खोलीत. निळ्या शर्टाच्या मालकाने विचारलंय, चौघांच्या फोटोत त्याचा शर्ट आहे, तर त्याला काही सवलत आहे का.