लुकास २५डी४: पॉइंट उतरले, हॉल मॉड्यूल चढलं

सध्याची स्थिती अशी. जुन्या गाडीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग), निगेटिव्ह अर्थ (बॅटरीची निगेटिव्ह बॉडीला जोडलेली). पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे यांत्रिक संपर्क) आणि त्यांच्या सोबतीच्या कंडेन्सरच्या जागी दोन वायरींचं हॉल-इफेक्ट मॉड्यूल, म्हणजे तेच काम चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरने करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, बसलं आहे. सेल्फ मारला की इंजिन लगेच पकडतं, आयडलिंग स्थिर आहे, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) स्ट्रोबवर, म्हणजे ती वेळ दाखवणाऱ्या लुकलुकत्या दिव्यावर, लागलं आहे. टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारा काटा) आणि गरम इंजिनवरची तपासणी बाकी.

खरं तर मॉड्यूल बसवणं हे यातलं सगळ्यात छोटं काम. किट खराब निघालं, अशी तक्रार होते तेव्हा बहुतेक वेळा मूळ दुखणं कॉइलच्या चुकीच्या रेझिस्टन्समध्ये, कुजलेल्या अर्थिंगमध्ये किंवा खेळ आलेल्या शाफ्टमध्ये असतं. म्हणून या नोंदीत किट उघडण्याआधीच्या कामालाच जास्त जागा दिली आहे.

आधी डिस्ट्रिब्युटर

कॅप उघडून शाफ्टचं वरचं टोक धरून आडवं हलवून बघायचं. बुश झिजलं असेल तर शाफ्ट डगमगतो, आणि पॉइंटवर त्याचा परिणाम थेट होतो: कॅमच्या प्रत्येक कोपऱ्यावर गॅप वेगळा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग वेगळं. हॉल सेन्सर हा डगमग बराच सहन करतो, पण पूर्ण नाही. इथे खेळ हाताला जाणवला नाही, म्हणून बुश तसंच ठेवलं.

रोटर (शाफ्टच्या टोकावरचा, स्पार्क वाटणारा तुकडा) फिरण्याच्या दिशेने, म्हणजे या इंजिनवर घड्याळाच्या उलट, हाताने थोडा पिळून सोडला की स्प्रिंगने झटकन मागे यायला हवा. तो अर्ध्यावर अडकला तर खालची वजनं सुकलेल्या ग्रीसमध्ये चिकटली आहेत. आधी ती साफ करा. मेकॅनिकल अॅडव्हान्स (वेग वाढला की या वजनांनी स्पार्क लवकर पाडणारी यंत्रणा) अडकलेला असेल तर वर कितीही महागडं मॉड्यूल बसवा, गाडी चढावर रडणारच. व्हॅक्यूम कॅप्सूल (इंजिनच्या ओढीने प्लेट सरकवून टायमिंग बदलणारी डबी), तिची परीक्षा सोपी आहे: नळी तोंडाने ओढायची, प्लेट सरकली पाहिजे आणि जीभ लावून धरल्यावर तिथेच थांबली पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हलती प्लेट आणि खालची स्थिर प्लेट यांच्यामध्ये एक बारीक, कापडी आवरणाची अर्थ वायर असते. व्हॅक्यूमबरोबर प्लेट सतत मागेपुढे होते आणि आतले तांब्याचे तंतू एकेक करून तुटत जातात. बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. या डिस्ट्रिब्युटरमध्ये चिमट्याने हलकं ओढल्यावर आवरण लांबलं, आत जेमतेम चार-पाच तंतू उरले होते. मॉड्यूलचं सगळं अर्थिंग याच वायरीतून जातं, म्हणून नवी टाकली. बारीक तंतूंची, सिलिकॉन आवरणाची मऊ वायर घ्यावी. जाड वायर सोल्डर केली तर तिच्या ताठपणाने प्लेटच हलेनाशी होते.

कॉइल आणि व्होल्टेज

वायरी सोडवून कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमध्ये रेझिस्टन्स मोजला: ३.१ ओहम. म्हणजे साधी १२ व्होल्टची कॉइल, चार सिलिंडरसाठी योग्य. १२ व्होल्टला साधारण ४ अँपिअर करंट, एवढा हे मॉड्यूल आरामात सोसतं. १.५ ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय (करंट कमी ठेवणाऱ्या जादा रेझिस्टन्सशिवाय) जोडली तर चालू गाडीच्या १४ व्होल्टला करंट ९ अँपिअरच्या वर जातो आणि करंटवर मर्यादा नसलेलं साधं मॉड्यूल जळतं. किटसोबतच्या कागदावर किमान रेझिस्टन्स दिलेला असतो. तो आकडा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बॅलास्ट आहे की नाही हे बघताना हमखास फसगत होते. इग्निशन ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हला मल्टिमीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले म्हणून बॅलास्ट नाही, असं ठरवू नका. पॉइंट उघडे असतील तर करंटच वाहत नाही, त्यामुळे बॅलास्ट असला तरी पूर्ण १२ व्होल्टच दिसतात. पॉइंट बंद असताना मोजा. तेव्हा ६-७ व्होल्ट आले तर बॅलास्ट आहे. काही गाड्यांत तो वेगळा दिसतही नाही, हार्नेसमध्ये रेझिस्टन्स वायर म्हणून लपलेला असतो. अशा गाडीत मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, पूर्ण १२ व्होल्टला जोडायची. कॉइल बॅलास्टमधूनच राहू द्यायची.

इथे पॉइंट बंद असताना बॅटरी आणि कॉइल पॉझिटिव्ह यांच्यात १.१ व्होल्टचा फरक होता. इग्निशन स्विचमागचे आणि फ्यूज बॉक्सचे कनेक्टर घासून साफ केल्यावर तो ०.३ वर आला. पॉइंटवर चालणारी गाडी व्होल्टेजची अशी घट मुकाट्याने सोसते. मॉड्यूलला मात्र सेल्फ फिरताना, बॅटरी आधीच दबलेली असताना, ती महागात पडते.

बसवणं

बॅटरीची निगेटिव्ह काढली. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर) आणून रोटर कुठे बघतो त्याची बॉडीवर खूण केली. पॉइंट, कंडेन्सर आणि जुनी लो-टेन्शन वायर काढली. डिस्ट्रिब्युटरमधला कंडेन्सर कॉइलच्या निगेटिव्हवर तसाच राहिला तर स्पार्क मरतो. कॉइलच्या पॉझिटिव्हला असतो तो रेडिओचा सप्रेसर (गोंगाट दाबणारा), त्याला हात लावायची गरज नाही.

मॉड्यूलची प्लेट पॉइंटच्याच स्क्रूच्या भोकात बसते. खालचा पत्रा तेलकट नको, स्वच्छ धातूला धातू लागला पाहिजे. चुंबकाची रिंग कॅमच्या चार कोपऱ्यांवर जुळवून तळापर्यंत दाबायची. ती अर्धवट बसली तर रोटर वर राहतो आणि कॅप लावताना रोटर किंवा कॅप फुटते. सेन्सर आणि रिंगमधलं अंतर किटमधल्या प्लास्टिक पट्टीने ०.७५ मिमी ठेवलं. शाफ्ट पूर्ण फेरा फिरवून रिंग कुठे घासत नाही ना ते पाहिलं.

लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला, काळी निगेटिव्हला. उलटी लावली तर मॉड्यूल तिथल्या तिथे जातं. जुन्या कॉइलवर अधिक-उणेऐवजी एसडब्ल्यू आणि सीबी लिहिलेलं असेल तर एसडब्ल्यू स्विचकडे, सीबी डिस्ट्रिब्युटरकडे. पण ती पॉझिटिव्ह अर्थच्या काळातली असते, म्हणून निगेटिव्ह अर्थ गाडीत ती बदललेलीच बरी. आतल्या वायरींना प्लेट हलण्याइतकी ढील द्या, पण लूप रिंगला लागू देऊ नका. नुसत्या तांब्याच्या तारेच्या प्लग वायरी काढून सप्रेस्ड वायरी लावल्या, कारण तांब्याच्या वायरींचा रेडिओ गोंगाट सेन्सरला गोंधळात टाकतो. प्लगचा गॅप ०.६३ वरून ०.७५ मिमी केला.

टायमिंग

रोटर खुणेवर असला तरी टायमिंग तेच राहत नाही, कारण सेन्सर पॉइंटच्या जागी ट्रिगर होत नाही. इथे सुरुवातीला स्ट्रोबवर ८ अंश पुढे दिसलं. व्हॅक्यूमची नळी काढून बुजवली, आयडल खाली आणलं, क्लॅम्प सैल करून बॉडी फिरवली आणि मॅन्युअलातल्या आकड्याजवळ आणली. उरलेला फरक २५डी४च्या मायक्रोमीटर नटने काढला: सुमारे ११ क्लिक म्हणजे क्रँकचा १ अंश. नंतर रेव्ह वाढवून खूण सरळ पुढे सरकते का ते पाहिलं. ती मध्येच उडी मारत असेल तर वजनं किंवा स्प्रिंग तपासा. पॉइंटवर थरथरणारी खूण आता एका रेषेत दिसते.

काय बिघडतं

इंजिन बंद असताना इग्निशन ऑन ठेवू नका. रिंग ज्या जागी थांबली त्यावर कॉइलमधून सतत करंट वाहत राहू शकतो, म्हणजे जवळपास ५० वॅट नुसती उष्णता. रेडिओ ऐकायचा तर चावी अॅक्सेसरीवर.

गाडी सुरू होत नसेल तर कॉइल निगेटिव्ह आणि बॅटरी पॉझिटिव्हमध्ये टेस्ट लॅम्प लावून सेल्फ मारा. दिवा लुकलुकला तर मॉड्यूल स्विच करतं आहे. दोष कॉइल, रोटर, कॅप किंवा प्लग वायरीत शोधा. रोटरकडे विशेष लक्ष द्या: पितळी पट्टी रिव्हेटने धरलेल्या स्वस्त रोटरमध्ये रिव्हेटखालचं इन्सुलेशन पातळ असतं आणि स्पार्क तिथून शाफ्टमध्ये उतरतो. दिवा लुकलुकलाच नाही तर आधी लाल वायरीवरचं व्होल्टेज आणि प्लेटचं अर्थिंग बघा, मॉड्यूलवर शंका त्यानंतर. गरम झाल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणाऱ्या गाडीत कॉइल हाताला चटका देण्याइतकी तापते का, तेही पाहावं.

बाकी

टॅकोमीटर स्मिथ्सचा आरव्हीआय, म्हणजे करंटवर चालणारा आहे. त्याच्या मागून इग्निशनची पांढरी वायर लूप होऊन जाते आणि नव्या मॉड्यूलच्या पल्सवर काटा उडतो आहे. लूपचा एक वेढा कमी-जास्त करून बघणार. नाही जमलं तर आतलं सर्किट बदलावं लागेल. गरम इंजिन, ट्रॅफिकसारखं लांब आयडलिंग आणि लगेच पुन्हा सेल्फ, ही तपासणी व्हायची आहे. जुने पॉइंट ०.३८ मिमीवर लावून, कंडेन्सरसकट, सुट्या बेस प्लेटवर तयार करून डिकीत ठेवले आहेत.