आमची वाटचाल : सोलेक्सपासून तीन बारपर्यंत

आमच्याकडे इंजिन बसवून मिळत नाही, हे आधीच सांगतो. जुन्या फियाटमध्ये नाहीतर अॅम्बेसेडरमध्ये नवं इंजिन उतरवणारे चांगले मिस्त्री नागपुरात आहेत आणि ते काम त्यांचंच. आम्ही त्या इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचवतो. टाकी, पंप, पाइप, फिल्टर, रिले (पंप चालू-बंद करणारा विजेचा स्विच), एवढाच आमचा धंदा, आणि तो कमी खर्चात करणं ही आमची ओळख.

सुरुवात बाबांची. कामठी रोडवर ते कार्बोरेटरचं, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं, काम करायचे. पद्मिनीचं (फियाटचंच) सोलेक्स कार्बोरेटर खोलायचं, जेट साफ करायचे, फ्लोटची उंची बघायची, नीडल बदलायची. उन्हाळ्यात गर्दी वेगळीच असायची. मे महिन्यात सीताबर्डीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली की लोक इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून ती कशीबशी आमच्यापर्यंत आणायचे. पारा ४५च्या वर गेला की पाइपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ ओढत बसायचा.

२००० साली नवे उत्सर्जन निकष देशभर लागू झाले आणि नव्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय आलं, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत. मग आम्ही दुचाक्यांच्या कार्बोरेटरवर तग धरला. २०२० मध्ये बीएस-६, म्हणजे आणखी कडक उत्सर्जन निकष, आलं तेव्हा तेही संपणार हे दिसत होतं. पण त्याच्या आधीच एक वेगळं गिऱ्हाईक यायला लागलं होतं. गाडी आजोबांची पद्मिनी, बॉनेटखाली मारुतीच्या ईको व्हॅनचं १२०० सीसीचं इंजिन. ईको का, तर तिचं इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसतं आणि मागची चाकं फिरवतं, पद्मिनीसारखंच. इंजिन सुंदर बसवलेलं असायचं, पण टाकी अर्धी झाली की गाडी वळणावर धक्के खायची. इंजिनात दोष शोधून शोधून थकलेले मिस्त्री बाबांकडे गाडी पाठवायचे. दोष टाकीत असायचा.

कारण साधं आहे. दाब बारमध्ये मोजतात, आणि कार्बोरेटरला पाऊण बारसुद्धा दाब लागत नाही. जुना पंप पाव बारवर काम भागवायचा. इंजेक्टरला साधारण ३ बार लागतात, आणि तेही सतत. कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असतं, म्हणून वळणावर क्षणभर पुरवठा तुटला तरी चालतं. इंजेक्शनला तो क्षणही परवडत नाही. पंपाच्या तोंडाशी हवा आली की गाडी झटका देते आणि पंप गरम होतो. आमच्या गिऱ्हाइकांना हे कूलरवरून लगेच कळतं: पाणी खाली गेलं आणि कूलरचा पंप कोरडा चालला की तो जळणारच.

म्हणून आमचा पहिला आग्रह, पंप टाकीच्या आत. पेट्रोलमध्ये बुडालेला पंप थंड राहतो, आणि नागपूरच्या उन्हात टाकीबाहेर उंचावर टांगलेला पंप गरम पेट्रोल ओढताना आतच वाफ करतो. नवा तयार टँक बाहेरून मागवण्यापेक्षा मारुतीचं पंप मॉड्यूल (टाकीत बुडवायचा पंपाचा तयार संच) जुन्या टाकीत बसवणं कितीतरी स्वस्त. त्याला तळाशी स्वतःची वाटी असते, त्यामुळे वळणाचा प्रश्नही सुटतो. बऱ्याच मॉड्यूलमध्ये दाब ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर आतच असल्यामुळे इंजिनाकडून परतीचा पाइप ओढावा लागत नाही. मॉड्यूलच्या दांड्या स्प्रिंगवर असतात; टाकीची उंची मोजून त्या कापून जुळवतो. टाकीत पेट्रोल किती ते काट्याला कळवणारा जुना फ्लोट मात्र आहे तिथेच ठेवतो, कारण मारुतीच्या फ्लोटवर जुना काटा भलतंच दाखवतो.

टाकीला आम्ही विस्तव लागू देत नाही. वर्षानुवर्षं पेट्रोल पिलेली टाकी कितीही धुतली तरी तिच्यात वाफ राहते. त्यामुळे ती पाण्याने भरून वरचं भोक हाताने कापायचं आणि मॉड्यूलची रिंग बोल्टवर, नायट्राइल रबराच्या गॅस्केटसकट बसवायची. वेळ जास्त लागतो. काटोलचे एक शेतकरी काका तर वैतागले होते, "भाऊ, वेल्डिंगवाला अर्ध्या तासात करून देऊन रायला, तुम्ही काहून एवढं घासता?" वेल्डिंग करून दिलं नाही.

त्यांची जीप होती, आणि जीपचं गणित वेगळं. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, चपटी. मॉड्यूल उभं राहतच नाही. तिथे आम्ही चेसिसवर लिटरभराचं स्वर्ल पॉट, म्हणजे मधली छोटी टाकी, बसवतो. टाकीतून कमी दाबाचा छोटा पंप पेट्रोल तिथे आणून टाकतो, तिथून मोठा पंप इंजिनाकडे ढकलतो, आणि उरलेलं रेग्युलेटरमधून पॉटमध्ये परत येतं. पॉट भरला की जादा पेट्रोल टाकीत. दोन पंप म्हणजे दोन आवाज, दोन फ्यूज आणि खर्चही जास्त, म्हणून नाइलाज असेल तेव्हाच.

आता बचत कुठे करायची नाही, ते. पाइप. दुकानात मिळणारा साधा पेट्रोल पाइप कार्बोरेटरच्या दाबासाठी असतो. ३ बारवर तो फुगतो, आणि गरम मॅनिफोल्डजवळ फुटला तर आग. इंजेक्शनचा पाइप मागताना त्यावर आर-९ (इंजेक्शनच्या पाइपाचा दर्जा) छापलेलं आम्ही वाचून घेतो. साध्या क्लिपच्या खाचा रबर कापतात, म्हणून गुळगुळीत पट्टीची क्लिप. चेसिसखाली जितकं जमेल तितकं लोखंडी नळीनेच (तिला बंडी पाइप म्हणतात) काम, रबर फक्त दोन टोकांना. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आणि आता ते सगळीकडे आहे. इथेनॉल जुनं रबर आणि कॉर्क खराब करतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं आणि पावसाळ्यात ओलावाही धरतं. म्हणून पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलायचाच. एक जास्तीचा आम्ही डिकीत ठेवून देतो.

वायरिंगचंही तसंच. पंपाची जाड वायर थेट बॅटरीपासून, फ्यूजमधून, रिलेवर. रिले ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, ताब्यात असतो: चावी फिरवली की पंप दोन सेकंद चालतो, इंजिन फिरलं तर पुढे, थांबलं की बंद. काही ठिकाणी पंप सरळ चावीवर जोडून देतात. अपघातात पाइप तुटला तर असा पंप रस्त्यावर पेट्रोल ओततच राहतो. शिवाय फोर्डच्या जुन्या गाड्यांमधला इनर्शिया स्विच भंगारात स्वस्तात मिळतो. धडक बसली की तो पंपाची वीज तोडतो. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी आम्ही तो लावतो आणि बिलात धरतो.

काही कामं परत पाठवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. तो कागद आधी, टाकी नंतर. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी आली तर मालकाला सांगतो की २०२१च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते आणि इंजिनात मोठा बदल केला की ती संधी जाते. बरेच जण ऐकतात. मग बाबा कपाटातून सोलेक्सचे जेट काढतात आणि ते काम स्वतः घेतात.

मे महिन्यात नवं काम घेत नाही. हिवाळ्यात दिलेल्या गाड्या तेव्हा परत बोलावतो, टाकी पाव ठेवून, एसी असेल तर लावून, भर दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत नेतो आणि परतताना शहरातल्या सिग्नलवर उभ्या करतो. दाबाचा काटा काचेवर चिकटवलेला असतो. तो हलला नाही तरच शेवटचा हप्ता घेतो.